गडावर न्हाई? मग?

मराठी माणूस चालायला कमी पडतो असं कुणी म्हणू नये. आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे अडीचशे किलोमीटर तो टाळ वाजवत जातो. वरातीत एका चौकातून दुसऱ्या चौकात जायला दीड तास घेतो, आणि तो सगळा वेळ पायांवरच असतो. डॉक्टरांनी दम दिला की सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोल गोल फिरतो. हातातलं घड्याळ नऊ हजार आठशेवर असताना घराचं दार आलं तर पायपुसण्यावर उभा राहून उरलेली दोनशे पावलं जागच्या जागी आपटतो. नवस असला तर अनवाणीसुद्धा चालतो. एकच गोष्ट त्याच्याकडून होत नाही. काही कारण नसताना, कुठे पोहोचायचं नसताना, नदीच्या कडेने, झाडांखालून तासभर नुसतं चालणं. त्याची त्याला लाज वाटते.

ही लाज जवळून बघायची असेल तर पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्हे तालुक्यांत जावं. कात्रजचा बोगदा मागे टाकावा, खेड-शिवापूरला टोल भरावा, टोलबद्दल जे बोलायचं ते बोलून घ्यावं आणि चेलाडी फाट्याला उजवीकडे वळावं. नसरापूरवरून पुढे वेल्हे. न वळता तसंच गेलं तर कापूरहोळचा फाटा, तिथून भोर. या दोन तालुक्यांत बिनकामाच्या चालणाऱ्याची जेवढी सोय आहे तेवढी पुण्याच्या फूटपाथवरही नाही. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी, शिवगंगा या नद्या. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत ही धरणं आणि डोंगरांच्या घड्यांत शिरलेलं त्यांचं पाणी. भाताची खाचरं, आंब्या-जांभळांची झाडी, देवराया, आणि मधूनमधून एखादं जुनं देऊळ, पडका वाडा नाही तर समाधी. चढ नाही, दोर नाही, धाप लागत नाही. तरी चालणारा माणूस दिसत नाही.

कारण मान वर केली की गड दिसतात. तोरणा १,४०३ मीटरचा, पुणे जिल्ह्यातला सगळ्यांत उंच किल्ला. शेजारी राजगड, पंचवीसेक वर्षं स्वराज्याची राजधानी, तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला. भोरच्या अंगाला रोहिडा, केंजळगड, आणि १६४५ साली शिवरायांनी स्वराज्याची शपथ घेतली असं सांगतात तो रायरेश्वर. ज्या घरात थोरला कलेक्टर आणि मधला हार्ट सर्जन, तिथे धाकट्याने किराणा दुकान कितीही झकास चालवलं तरी पाहुणे त्याला ‘मग तू सध्या काय करतोस?’ असंच विचारतात. इथल्या सपाटीचं तसं झालं आहे.

सपाटीवर जाणाऱ्या माणसाला काय ऐकावं लागतं ते सांगतो. राजगडाच्या पायथ्याला गुंजवणे गावात सकाळी चहाला थांबा. चहावाले स्टोव्हला पंप मारता मारता तुमच्याकडे न बघताच सुरू करतात.

“गडाव चाललाय न्हवं? जेवान सांगून जा. पिठलं-भाकरी, ठेचा, वाटलं तर दही.”

“नाही, गडावर नाही जायचं.”

“मंग तोरण्याला?”

“तिकडेही नाही. नदीच्या कडेनं असंच जरा चालणार आहे.”

आता मात्र पंप थांबतो. ते तुमच्या तोंडाकडे बघतात, मग बुटांकडे, मग पुन्हा तोंडाकडे. आवाज खाली येतो.

“जमीन बघाया आलाय व्हय?”

त्यांचं चुकत नाही. गडाची वाट सोडून सपाटीवर रेंगाळणारा शहरी माणूस म्हणजे एक तर जमीन घेणारा, नाही तर मोजणीला आलेला. तिसरी जात त्यांनी पाहिलेली नाही. तुम्ही कितीही नाही नाही म्हटलंत तरी दुसरा चहा येईपर्यंत त्यांच्या साडूचे वीस गुंठे, रस्त्याला लागून, विहिरीला बारमाही पाणी, एक नंबरचा सातबारा, हे सगळं तुमच्यापुढे मांडून होतं. चहाचे पैसेही घेत नाहीत. गड चढणाऱ्याला फुकट चहा मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही. सपाटीवर चालण्याचा हा पहिला फायदा.

दुसरा फायदा सरकारने करून दिला. २०२४ च्या मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय घेतला. नावाला आक्षेप कोण घेणार? पण त्यातली एक सोय फारशी कुणाच्या ध्यानात आलेली नाही. आता वेल्ह्याच्या स्टँडसमोर भजी खाऊन परत आलेला माणूस ऑफिसमध्ये ‘रविवारी राजगडला गेलो होतो’ असं छाती पुढे काढून सांगू शकतो, आणि ते कागदोपत्री खरं असतं. कुणी गडाच्या पाली दरवाजाबद्दल विचारलंच तर ‘गर्दी फार होती’ म्हणावं.

सोपं चालणं हा प्रकार लोकांना माहीत नाही असं नाही. ट्रेकच्या जाहिरातींत ‘श्रेणी : सोपी’ असं छापलेलं असतं. या श्रेण्यांचा अर्थ मात्र अनुभवाने लावावा लागतो. सोपी म्हणजे आयोजकाला सोपी. मध्यम म्हणजे परतीच्या वाटेवर नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत. कठीण म्हणजे आयोजक आधीच एका कागदावर सही घेतो आणि घरच्यांचा फोन नंबर दोनदा तपासतो. यांत ‘काहीच नाही’ अशी चौथी श्रेणी हवी. भोर-वेल्ह्याच्या बहुतेक वाटा तिच्यात बसतील.

पण ‘काहीच नाही’साठी माणसं तयारी करतात ती एव्हरेस्टची. आमचे मेहुणे यातले आदर्श. बाणेश्वरला जायचं ठरलं. बाणेश्वर म्हणजे नसरापूरला हमरस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, पुण्याच्या शाळांच्या सहलींचं पिढ्यान् पिढ्यांचं ठिकाण. मेहुणे आले ते दोन हातांत दोन काठ्या, पाठीवर नळीवाली पाण्याची पिशवी, गुडघ्यापाशी चेन असलेली पँट, गळ्यात शिट्टी आणि डोक्यावर मान झाकणारी टोपी अशा थाटात. वाहनतळापासून देवळापर्यंतच्या वाटेवर त्यांनी नळीतून चार वेळा पाणी ओढलं. त्याच वाटेवर नऊवारीतल्या एक आजी कडेवर नातू आणि हातात नारळ-फुलांचं ताट घेऊन त्यांच्या पुढे निघून गेल्या. जाताना त्यांनी काठ्यांकडे पाहिलं आणि आमच्या बहिणीला हळूच विचारलं, “पायाला लागलंय का त्यांच्या?”

बाणेश्वर मला मनापासून आवडतं, आणि ते तिथल्या गर्दीसकट आवडतं. भोवती दाट झाडी, खाली शिवगंगा नदी खडकांतून उड्या घेत जाते. देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलं. तिथे एक घंटा आहे, तिच्यावर चक्क क्रूस आहे आणि १६८३ हे साल. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांच्या ज्या घंटा मराठी मुलखात आल्या, त्यांतली ही एक. एका देवाला जागं करण्यासाठी ओतलेली घंटा दुसऱ्या देवाच्या दारात टांगली गेली आणि नाद मात्र तोच राहिला. घंटेने तक्रार केल्याची नोंद नाही. शाळेची सहल आली की प्रत्येक पोर ती एकदा वाजवतं, उंची पुरत नाही त्यांना गुरुजी उचलून धरतात, आणि वसईच्या विजयाचा आवाज हमरस्त्यापर्यंत ऐकू जातो.

बाजूला वनखात्याने वनोद्यान केलं आहे, सावलीतून जाणाऱ्या आखीव पायवाटा आहेत. कोणता पक्षी दिसेल हे सांगणारे फलक आहेत. पक्षी फलकांवर नक्की दिसतात. प्रत्यक्ष दिसायचे तर पहाटे जावं लागतं, कारण नऊच्या पुढे झाडीत ‘आर्या, पळू नको’ हाच आवाज प्रामुख्याने ऐकू येतो. मग मैत्रिणी-मैत्रिणींचा घोळका, मग खिशात गाणी वाजवत जाणारे काका. जंगलात जाताना लोक गाणी का लावतात याचा मी बराच विचार केला. माणसाला शांततेत आपल्याच बुटांचा आवाज ऐकू यायला लागला की तो बिचकतो, एवढंच उत्तर सापडलं.

गर्दीचा कंटाळा असेल तर आंबवडे. भोरपासून जवळच. माझ्या मते ‘झाडी, पाणी आणि इतिहास’ या तिन्हींत पैकीच्या पैकी गुण घेणारं गाव या दोन तालुक्यांत हेच. ओढ्याकाठी गर्द झाडीत नागेश्वराचं जुनं देऊळ, आणि देवळाकडे जायला संस्थानी काळातला लोखंडी झुलता पूल. पूल फार लांब नाही, फार उंचही नाही. पण झुलतो. आणि झुलणाऱ्या पुलावर मराठी कुटुंब चढलं की त्याचे तीन भाग पडतात. पहिला भाग मधोमध जाऊन मुद्दाम उड्या मारतो. हे बहुधा लहान मुलगे आणि मेहुणे असतात. दुसरा भाग दोन्ही बाजूंचे दोर धरून उभा राहतो, ना पुढे ना मागे, आणि पहिल्या भागाला त्यांच्या पूर्ण नावाने हाक मारतो. तिसरा भाग काठावरच राहून ‘तुम्ही या जाऊन, मी पर्सा सांभाळते’ म्हणतो. आमच्या मावशी दुसऱ्या भागात होत्या. मधोमध थांबून त्यांनी डोळे मिटले आणि समोरच्या नागेश्वराला तिथूनच हात जोडावेत म्हणून एक हात सोडला, तेवढ्यात मेहुण्यांची उडी पडली. पुढे जे त्या बोलल्या ते देवळाच्या आवारात शोभणारं नव्हतं, पण आवार अजून वीस पावलं लांब होतं.

पूल ओलांडला की मात्र माणूस आपसूक गप्प होतो, कारण तिथे कोण कोण विसावलं आहे ते समजतं. स्वराज्याच्या आरंभी शिवाजी महाराजांच्या पाठीशी उभे राहिलेले कान्होजी जेधे. प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाचा हात वरच्या वर तोडणारे जिवा महाला. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण ज्यांच्यामुळे आली ते. आणि शंकराजी नारायण, छत्रपती राजारामांच्या काळातले सचिव, भोर संस्थानच्या पंतसचिव घराण्याचे मूळपुरुष. एवढी मोठी माणसं, आणि सगळी सपाटीवर.

गडवेड्यांना हे कुणी तरी सांगायला हवं. बारा मावळांची नावं घ्या : रोहिडखोरं, हिरडस मावळ, गुंजण मावळ, वेळवंड खोरं, कानद खोरं. सगळी खोऱ्यांची नावं, गडांची नव्हेत. जेधे, बांदल, शिळीमकर, मरळ ही देशमुख घराणी खोऱ्यांतली. बाजीप्रभू हिरडस मावळातले. तानाजीच्या बरोबरीने नाव घ्यावं असे येसाजी कंक वेळवंड खोऱ्याकडच्या भुतोंड्याचे. गडावर लढाई व्हायची, तह व्हायचे, दिवे लागायचे. पण गडावर जो भात शिजायचा तो या खाचरांतून डोक्यावरून वर जायचा. कारी गावात जेध्यांचा वाडा आहे, तिथपर्यंत शेतांतून चालत जाता येतं आणि वाटेत कुणी ‘अजून किती राहिलं?’ असं विचारत नाही. आमच्याकडचे गडप्रेमी मात्र त्याच शेतांमधून मोटारसायकली तडतडवत थेट रोहिड्याच्या पायथ्याला जातात, चढतात, झेंड्याशेजारी फोटो काढतात आणि उतरून ‘भोरमध्ये बघण्यासारखं काय आहे?’ असं आम्हालाच विचारतात.

भोर गावातच बघा. संस्थान १९४८ साली विलीन झालं, पण गावाने चालीतला संस्थानी संथपणा सोडलेला नाही. नीरेचा काठ, जुने वाडे, बोळ आणि राजवाडा. राजवाडा सिनेमावाल्यांचा लाडका. शूटिंग चालू असलं तर दिंडीबाहेर चिलखत घातलेले सरदार वडापाव खाताना भेटतात आणि मिरचीसाठी हुज्जत घालतात. इतिहास इतक्या जवळून दुसरीकडे कुठे बघायला मिळत नाही.

पाण्याच्या कडेने चालायचं असेल तर भाटघर. वेळवंडी नदीवरचं हे धरण १९२८ साली पुरं झालं. इंग्रजांनी मुंबईच्या एका गव्हर्नरांवरून त्याला लॉइड धरण म्हटलं, आता जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे, आणि लोक पहिल्यापासून भाटघरच म्हणतात. पाणी वेळवंड खोऱ्यात आत आत शिरलेलं आहे. रस्ता सोडून त्याच्या काठाने चालायला लागलं की सावली, वारा आणि टिटव्या सोडून कुणाचा त्रास नाही. हे पाणी पुढे नीरेच्या कालव्यांनी पूर्वेला जातं, बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे. पाऊस भोरचा, ऊस बारामतीचा. वेळवंड खोऱ्यातली माणसं हे शांतपणे सांगतात. ज्यांच्या पणजोबांची शेतं त्या पाण्याखाली आहेत त्यांना ओरडून सांगायची गरज पडत नाही.

याच पाण्याखाली कांबरेश्वराचं देऊळही आहे. वर्षातले बहुतेक महिने देव पाण्यात असतो. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की आधी शिखर दिसतं, मग भिंती, मग चिखलातून वाट होते आणि लोक दर्शनाला जातात. पुन्हा पाऊस लागला की देव गुप्त. बाकीच्या देवांच्या दर्शनाच्या वेळा पुजारी ठरवतात, या देवाने त्या पाटबंधारे खात्यावर सोपवल्या आहेत. मे महिन्यात त्या भेगाळलेल्या, नंतर मऊ होत जाणाऱ्या गाळावरून चालत जाणं हे या भागातलं सगळ्यांत सपाट आणि सगळ्यांत विलक्षण चालणं. मेहुण्यांच्या काठ्या तिथे पहिल्यांदा उपयोगी पडल्या. एक काठी गाळात रुतली ती रुतलीच. आता ती कांबरेश्वराच्या चरणी आहे, वर्षातले बहुतेक महिने पाण्याखाली.

या पाण्याच्या काठावर हल्ली एक नवं झाड उगवतं. त्याला खोड लोखंडी असतं आणि पान एकच, त्याच्यावर ‘लेक व्ह्यू एन. ए. प्लॉट’ असं लिहिलेलं. त्या झाडांच्या मागे तारेचं कुंपण, कुंपणात एक भला मोठा कुत्रा आणि कुत्र्याच्या मागे पुण्यातल्या कुणाचं तरी रविवारपुरतं घर. काल जिथून वाट होती तिथे आज ‘खासगी मालमत्ता’.

इंग्लंडात हे फार आधी घडलं. तिथल्या माळांवर जमीनदारांनी लोकांना बंदी केली होती. १९३२ मध्ये काही शे लोक किंडर स्काउट नावाच्या पठारावर मुद्दाम घुसले, चालण्यासाठी. त्यांतले पाच जण तुरुंगात गेले. शेवटी २००० साली मोकळ्या माळांवर फिरायच्या हक्काचा कायदा झाला. आता तिथे शेतातून जाणारी पायवाट कायद्याने पायवाट असते, तिला पाट्या असतात, पुस्तकं असतात, आणि पुस्तकांत ‘सोपी वाट, दोन कुंपणं ओलांडावी लागतील, गायी असण्याची शक्यता’ अशा सूचना असतात. गाय दिसण्याची पूर्वसूचना द्यावी लागते, असा तो देश.

आपल्याकडे वाटा नाहीत असं नाही. गावनकाशा काढून बघा. एक तुटक रेघ म्हणजे पाऊलवाट, दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीवाट. या रेघा पणजोबांच्या काळापासून आहेत. कुणी वहिवाटीचा रस्ता अडवला तर तहसीलदाराकडे जाता येतं, त्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ सालापासून आहे आणि अजून चालतो. फरक इतकाच की हे सगळं शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी. उगाच चालणाऱ्याचा विचार कायद्याने केलेला नाही, कारण असा माणूस अर्ज घेऊन कधी आलाच नाही. अर्जात कारण काय लिहिणार? ‘बरं वाटतं म्हणून’?

खरी गंमत ही की गावकरी तुम्हाला अडवत नाहीत. कुंपण पुण्याहून आलेल्याचं. गावचा माणूस स्वतःच्या बांधावरून तुम्हाला घेऊन जातो, वाटेत करवंदं तोडून देतो आणि तुमचा पगार विचारतो. फक्त त्याला अंतर विचारायचं नाही. “हितंच हाय की, त्या आंब्याच्या पल्याड.” तो आंबा दिसतो, लागतो, मागे पडतो. पुढे दुसरा आंबा. मावळात अंतर मोजायची एकच मापं, ‘हितंच’ आणि ‘लांब हाय जरा’. ‘हितंच’ म्हणजे तासभर. ‘लांब हाय जरा’ म्हटलं तर सरळ एसटी बघावी.

विंझर गावाच्या पुढे अशाच एका बांधावर आमच्या मागून गवताचा भारा आला. भाराच आला, कारण खालची बाई दिसतच नव्हती. पायांत रबरी चपला, डोक्याला पदर घट्ट बांधलेला आणि पदरात कानाशी खोचलेला मोबाइल. ती माहेरी कुणाशी तरी बोलत होती, “व्हय, म्हशीला झालंय आता बरं.” तिने आम्हाला हाताने बाजूला व्हायची खूण केली, ओलांडून गेली, आणि बोलण्यात तिला एकदाही दम लागला नाही. मेहुण्यांनी घड्याळावर तिचा वेग काढला आणि कुणाला सांगितला नाही.

झाडांखालून चालायचं तर देवराई शोधावी. भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारांवर अशा पुष्कळ राखलेल्या झाडीच्या जागा आहेत, मधे काळूबाई, म्हसोबा नाही तर वाघजाई. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा शहरी लोकांना कळलं की देवाच्या धाकाने केवढं जंगल वाचलं आहे. देवराईतून काडीसुद्धा उचलायची नाही, हा नियम. पाटी नाही, दंड नाही, गार्ड नाही. आपल्याकडे तीन भाषांतल्या पाटीखाली वेफर्सची पिशवी टाकणारा माणूस देवराईत शिरला की आधी चपला काढतो. पर्यावरण खात्याने एकदा म्हसोबाचा सल्ला घ्यायला हरकत नाही.

पावसाळ्यात मात्र सगळं पुणं केळदला लोटतं, मढे घाटात. सिंहगडावर १६७० मध्ये तानाजी मालुसरे पडले, त्यांचा देह याच घाटाने कोकणात उमरठ्याला नेला असं सांगतात. आता घाटाच्या तोंडाशी लक्ष्मी धबधबा, कणसं आणि गाड्या. वाट सोपी आहे, जेमतेम चालावं लागतं, पण वेळ फार लागतो, कारण दर दहा पावलांवर कुणी तरी धुक्यातून हळू चालत येण्याचं चित्रीकरण करत असतं आणि त्याच्या चित्रात आपण यायचं नसतं. त्याच पावसात दोन खोरी अलीकडे, जिथे रस्त्यावरून जाणारं कुणी थांबत नाही अशा खाचरांत, आवणी चाललेली असते. बायका ओळीने वाकून रोपं लावत असतात. बांधावर उभं राहून मी फोटोसाठी मोबाइल काढला, तर एकीने मान वर न करता म्हटलं, “दादा, फोटू काढा, पर ती रोपाची मूठ द्या की फेकून हिकडं.” मी मूठ फेकली. ती बरोबर तिच्या पुढ्यात पडली. एवढ्या सगळ्या चालण्यात माझ्या हातून झालेलं उपयोगाचं काम ते एवढंच, आणि मेहुणे अजूनही म्हणतात की वारा मागून होता.

तर मंडळी, जा. स्वारगेटहून भोरची आणि वेल्ह्याची एसटी मिळते, काठ्या नकोत, शिट्टी तर नकोच. शेवटची परतीची गाडी कितीची ते कंडक्टरला उतरतानाच विचारून घ्या. धरणाच्या आणि नदीच्या पाण्यात उतरू नका. काठावरून उथळ वाटतं तिथेच खोल असतं. चहाच्या टपरीवर ‘गडाव न्हाई? मग?’ असं विचारलं तर ‘जमीन बघायला’ म्हणा, उगाच वाद नको. आणि खाचरांतून जाताना बांधावरून एकामागोमाग एक, हलक्या पायाने चला. बांध फुटला तर वरच्या खाचरातलं पाणी खालच्या खाचरात जातं, ती दोन खाचरं सहसा दोन सख्ख्या चुलतभावांची असतात, आणि ते भांडण तुमची एसटी पुण्याला पोहोचल्यावरही चालू राहतं.